१९२४ चे मजूर मंत्रिमंडळ उसन्या माणसांचे नव्हते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील ब्रिटनच्या अल्पमतातील सरकारांवरचा लेख लक्षपूर्वक वाचला. लेख एकंदरीत माहितीपूर्ण आहे. मात्र रॅमसे मॅकडोनाल्ड यांच्या १९२४ मधील पहिल्या मजूर मंत्रिमंडळाची लेखकाने ‘उसन्या माणसांचे मंत्रिमंडळ’ (म्हणजे दुसऱ्या पक्षांतून आणलेल्या माणसांचे) अशा एका वाक्यात बोळवण केली आहे, आणि ते पडले याचे खापरही त्या उसनवारीवरच फोडले आहे. राज्यशास्त्र शिकवण्यात माझे बरेच आयुष्य गेले. या मंत्रिमंडळाची घडण हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय असल्याने हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

आधी आकडे पाहू. ६ डिसेंबर १९२३ च्या निवडणुकीत हाऊस ऑफ कॉमन्सच्या ६१५ जागांपैकी हुजूर पक्षाला २५८, मजूर पक्षाला १९१ आणि उदारमतवादी पक्षाला १५८ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष हुजूर पक्षच होता. परंतु पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी आयात मालावर जकात बसवण्याच्या प्रश्नावर कौल मागितला होता आणि तो कौल त्यांच्या विरुद्ध गेला होता. जकातीला विरोध करणाऱ्या दोन पक्षांची बेरीज सभागृहात स्पष्ट बहुमताची होती. बाल्डविन यांनी लगेच राजीनामा दिला नाही. जानेवारीत संसद भरली, राजाच्या अभिभाषणावरील आभाराच्या ठरावाला मजूर पक्षाने सुचवलेली दुरुस्ती २१ तारखेला ७२ मतांच्या फरकाने मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पायउतार झाले. त्याच दिवशी मॅकडोनाल्ड यांना बोलावणे आले. त्यांनी त्यापूर्वी कोणतेही मंत्रिपद भूषवलेले नसल्याने ते प्रीव्ही कौन्सिलचे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे, सदस्यही नव्हते. ती शपथ त्यांना आधी देण्यात आली आणि मगच सरकार बनवण्याचे निमंत्रण मिळाले. राणी व्हिक्टोरियाच्या निधनाला त्या दिवशी २३ वर्षे पूर्ण होत होती, आणि आजीला या मजूर सरकारविषयी काय वाटले असते, असा प्रश्न राजा पाचव्या जॉर्जने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे.

लेखात एक समज असा दिसतो की मंत्रिमंडळातले माजी उदारमतवादी हे उदारमतवादी पक्षाच्या पाठिंब्याची किंमत म्हणून आले. हे वस्तुस्थितीला धरून नाही. निकालानंतर सिडनी वेब यांच्या घरी मजूर पक्षाच्या प्रमुख नेत्यांची बैठक झाली. सत्ता स्वीकारायची, पण कोणाशीही आघाडी करायची नाही, हे तिथेच ठरले होते. उदारमतवादी नेते अ‍ॅस्क्विथ यांनीही मंत्रिपदे मागितली नाहीत. मजूर पक्षाचा प्रयोग करून पाहायचाच असेल तर याहून सुरक्षित परिस्थिती मिळणार नाही, कारण लगाम संसदेच्या हाती राहील, अशी त्यांची उघड भूमिका होती. म्हणजे लेखी करार नाही, समन्वय समिती नाही, मंत्रिपदांची वाटणी नाही. १५८ सदस्य बाहेरून पाहत राहणार आणि कोणत्या विधेयकावर साथ द्यायची हे त्या त्या वेळी ठरवणार. अशा वेळी मंत्रिमंडळात कोण बसते यावरच सरकारचे भवितव्य अवलंबून असते, कारण बाहेरच्यांना विश्वास वाटण्याजोगे दुसरे काही समोर नसते.

ही यादी मॅकडोनाल्ड यांनी नाताळच्या सुमारास स्कॉटलंडमधील आपल्या लॉसीमथ या गावी तयार केली. मजूर पक्षात संसदीय पक्षाचे पदाधिकारी निवडून देण्याची प्रथा होती, तेव्हा मंत्रीही पक्षाने निवडावेत, असे म्हणणे अस्वाभाविक नव्हते. मॅकडोनाल्ड यांनी मात्र निवडीचा अधिकार सर्वस्वी पंतप्रधानाचा, ही ब्रिटिश परंपरा पाळली. २० जणांच्या त्या मंत्रिमंडळात पाच लॉर्ड, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे (हाऊस ऑफ लॉर्ड्सचे) सदस्य, होते, आणि लेखकाच्या टीकेचा रोख मुख्यतः त्यांच्यावरच आहे. त्यात लॉर्ड हाल्डेन हे अ‍ॅस्क्विथ यांच्या काळातले युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर (न्यायव्यवस्थेचे प्रमुख मंत्री) होते, तर लॉर्ड पारमूर हे हुजूर पक्षाचे माजी खासदार होते. आपल्याकडे क्रिप्स शिष्टाईमुळे परिचित असलेल्या स्टॅफर्ड क्रिप्स यांचे ते वडील. लॉर्ड चेम्सफर्ड यांचे नाव तर आपण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. जालियनवाला बाग घडली तेव्हा व्हाइसरॉय असलेला गृहस्थ पाच वर्षांनी मजूर मंत्रिमंडळात नौदलाचा मंत्री व्हावा, हे वाचून भारतीय वाचकाला धक्का बसतो. मलाही प्रथम बसला होता.

तरीही प्रश्न असा उरतो की मॅकडोनाल्ड यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयके मांडायला आणि सरकारची बाजू सांगायला मंत्री लागतात, आणि त्या सभागृहात मजूर पक्षाचे जवळजवळ कोणीच नव्हते. म्हणून भारतमंत्री सिडनी ऑलिव्हिए आणि हवाई खात्याचे मंत्री थॉमसन यांना नव्यानेच लॉर्ड करावे लागले. लॉर्ड चॅन्सेलरच्या पदाला कायद्याचा मुरब्बी जाणकार हवा होता. हाल्डेन यांनी ते पद पूर्वी सांभाळले होते. चेम्सफर्ड नौदलात होते म्हणून सिंगापूरचा नाविक तळ बांधण्याचे काम थांबले नाही, असेही झाले नाही. ते याच सरकारने थांबवले. पाच नव्या क्रूझर युद्धनौका बांधण्याचा निर्णयही याच सरकारने घेतला आणि त्यावरून स्वपक्षीयांचा रोष ओढवून घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

लॉर्डांची नावे मोजताना लेखकाच्या नजरेतून उरलेले मंत्रिमंडळ निसटले, याचे मला अधिक वाईट वाटते. लॉर्ड प्रीव्ही सील हे मंत्रिपद मिळालेले क्लाइन्स दहाव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागले होते. गृहमंत्री आर्थर हेंडरसन लोखंडाच्या ओतकारखान्यातले कामगार, वसाहतमंत्री थॉमस रेल्वेचे इंजिनचालक, तर युद्धमंत्री स्टीफन वॉल्श, स्कॉटलंडचे मंत्री अ‍ॅडमसन आणि टपालखात्याचे मंत्री हार्टशॉर्न हे तिघे कोळशाच्या खाणीतून आलेले. पंतप्रधान स्वतः शेतमजूर आणि मोलकरणीच्या विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले. ब्रिटनच्या इतिहासात असे मंत्रिमंडळ आधी कधी झाले नव्हते. त्याला ‘उसन्या माणसांचे’ म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे आहे.

अल्पमताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची निवड, माझ्या मते, अर्थमंत्री फिलिप स्नोडेन यांची होती. ते मुक्त व्यापाराचे कट्टर पुरस्कर्ते आणि काटकसरीचे भोक्ते होते. एप्रिलमध्ये त्यांनी चहावरील कर निम्मा केला, साखरेवरील करात कपात केली, आणि उदारमतवादी सदस्यांना विरोध करण्यासारखे त्या अंदाजपत्रकात काही उरलेच नाही. दुसऱ्या टोकाला आरोग्यमंत्री जॉन व्हीटली होते. ग्लासगोच्या डाव्या गटातून मंत्रिमंडळात आलेले ते एकमेव महत्त्वाचे नाव. भाड्याने द्यायच्या प्रत्येक नव्या घरामागे वर्षाला ९ पौंड याप्रमाणे ४० वर्षे अनुदान देणारा त्यांचा घरबांधणी कायदा त्याच संसदेने संमत केला, आणि त्याखाली पुढील काही वर्षांत पाच लाखांहून अधिक घरे उभी राहिली. १९१ सदस्यांच्या बळावर सरकारने इतके साधले, कारण अर्थखाते बाहेरच्यांना विश्वास वाटेल अशा माणसाकडे आणि घरांचा प्रश्न पक्षातल्या सर्वांत तळमळीच्या माणसाकडे होता.

मग सरकार साडेआठ महिन्यांत का पडले? मंत्रिमंडळाच्या घडणीत दोष होताच. पण लेखकाने तो चुकीच्या जागी शोधला आहे. मॅकडोनाल्ड यांनी पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्रखातेही स्वतःकडे ठेवले, हा तो दोष. परराष्ट्र व्यवहारात त्यांनी मोठे काम केले, याबद्दल दुमत नाही. १ फेब्रुवारीला सोव्हिएत रशियाला मान्यता दिली, आणि जर्मनीच्या युद्धभरपाईचा प्रश्न सोडवण्यासाठी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये भरलेली परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली यशस्वी झाली. परंतु नेमक्या याच आठवड्यांत घरात आग लागली. २५ जुलैला कम्युनिस्टांच्या साप्ताहिकात सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत, असे आवाहन छापून आले. हंगामी संपादक कॅम्पबेल यांना ५ ऑगस्टला अटक झाली. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने त्यावर चर्चा केली आणि १३ ऑगस्टला खटला मागे घेण्यात आला. कॅम्पबेल हे महायुद्धात जखमी झालेले, शौर्यपदक मिळवलेले सैनिक होते, याचा अंदाज खटला भरताना कोणी घेतलाच नव्हता. सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, अ‍ॅटर्नी जनरल सर पॅट्रिक हेस्टिंग्ज मंत्रिमंडळाचे सदस्य नव्हते, आणि ज्याने वेळीच लक्ष घालायचे तो पंतप्रधान परिषदेत गुंतला होता. सप्टेंबरअखेर सभागृहात मॅकडोनाल्ड यांनी आपल्याशी सल्लामसलत झालीच नव्हती, असे सांगितले आणि ८ ऑक्टोबरला ते विधान त्यांना दुरुस्त करावे लागले. त्याच रात्री चौकशी समितीची मागणी करणारी उदारमतवाद्यांची दुरुस्ती ३६४ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाली. सरकारने हा विश्वासाचा प्रश्न केला होता. संसद विसर्जित झाली.

हेंडरसन यांच्या बाबतीत जे घडले, तेही मंत्रिमंडळाच्या घडणीतल्या दोषांतच मोडते. डिसेंबरच्या निवडणुकीत ते स्वतः पराभूत झाले होते, आणि त्यांनी मंत्रिमंडळाबाहेर राहून पुढील निवडणुकीची तयारी पाहावी, अशी मॅकडोनाल्ड यांची इच्छा होती. पक्षाची संघटना ज्याने बांधली त्याला असे सांगणे मला आजही अनुदार वाटते. हेंडरसन यांनी ते मानले नाही. त्यांना गृहखाते मिळाले आणि फेब्रुवारीत बर्नलीच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहात परतले. पक्षाचे जुने नेते जॉर्ज लॅन्सबरी यांना मात्र मंत्रिमंडळाबाहेरचे वाहतूक खाते देऊ केले गेले आणि त्यांनी ते नाकारले. सत्तेबाहेरच्या पाठिंब्याची इतकी काळजी घेणाऱ्या नेत्याने जुन्या सहकाऱ्यांच्या मनाची तेवढी काळजी घेतली नाही, ही या यादीतली मला सर्वांत सलणारी गोष्ट आहे.

२९ ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्ष १९१ वरून १५१ जागांवर आला, हे लेखकाने योग्यच सांगितले आहे. त्याची एकूण मते सुमारे १० लाखांनी वाढली, आणि ज्यांच्या हाती लगाम राहायचा होता ते उदारमतवादी १५८ वरून ४० वर घसरले, ही बाब मात्र लेखात यायला हवी होती. मे १९२९ च्या निवडणुकीनंतर मॅकडोनाल्ड पुन्हा अल्पमतातच पंतप्रधान झाले. त्या वेळी परराष्ट्रखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले नाही. ते हेंडरसन यांना दिले.

आपला,
एक नियमित वाचक