वॉशिंग्टनची तटस्थता

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, तटस्थ राहणं म्हणजे हात झटकून मोकळं होणं. तेव्हा घाईत होतो, आता सविस्तर लिहितो. मला तर तटस्थता हे बाजू घेण्याहून जड काम वाटतं. १७९३ची अमेरिकाच बघ.

फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध जुंपलं होतं. फ्रान्सशी १७७८चा मैत्रीचा तह, त्याच्याच मदतीने स्वातंत्र्य मिळालेलं. पण सरकारची तिजोरी भरायची आयातीवरच्या जकातीतून, आणि माल यायचा मुख्यतः ब्रिटनमधून. आरमार तर नव्हतंच. २२ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने जाहीरनामा काढला, की आपण कुणाच्याच बाजूने लढायचं नाही. अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य, पण याला दोघांचीही संमती होती.

खरी परीक्षा पुढे झाली. फ्रान्सचा राजदूत जने याने अमेरिकी बंदरांतच ब्रिटिश जहाजं पकडायला खासगी लढाऊ जहाजं सज्ज करायला सुरुवात केली. जुलैत तर थेट तेव्हाची राजधानी फिलाडेल्फियात! 'लिटल सारा' हे पकडून आणलेलं ब्रिटिश जहाज. त्यावर तोफा चढवल्या आणि नाव बदलून 'पेतित देमोक्रात' ठेवलं. वॉशिंग्टन तेव्हा माउंट व्हर्ननला, आपल्या घरी. हॅमिल्टन आणि युद्धमंत्री नॉक्स म्हणाले, नदीत खाली मड आयलंडवर तोफा लावून जहाज अडवा. जेफरसनचा विरोध, कारण एक गोळा सुटला की फ्रान्सशी युद्ध. घोळ चालू असतानाच जहाज समुद्रात निघून गेलं. वॉशिंग्टन किती संतापला असेल!

सरकारच्या हाती कायदाही नव्हता. फ्रेंच जहाजावर चाकरी केली म्हणून हेनफिल्ड नावाच्या अमेरिकी खलाशावर खटला भरला, तर ज्यूरीने त्याला सोडून दिलं. सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ला मागितला, तर न्यायमूर्तींनी नम्रपणे नकार कळवला. शेवटी १७९४ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला, तेव्हा कुठे आपल्याच नागरिकांना आवरायची सोय झाली. जनेला परत बोलवा, असं फ्रान्सला कळवलं होतंच; पण तिथे सत्ता पालटली होती, पॅरिसला गेला तर त्याचं डोकं उडणार हे दिसताच वॉशिंग्टनने त्याला आश्रय दिला. इतका छळलेला माणूस हे करतो, याचं मला फार मोल वाटतं.

वॉशिंग्टनचा दूत जॉन जे याने पुढे ब्रिटनशी केलेल्या तहाबद्दल मात्र माझंही मन साशंक आहे. सिनेटमध्ये तहाला दोन-तृतीयांश मतं लागतात; तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे अगदी काठावर मंजूर झाला, आणि फ्रान्स बिथरला. त्यावर भेटल्यावर बोलू. दिवाळीत इकडे येतोयस ना? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव