पाठीचं सांगून टाक

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री साडेदहा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हां बाबा, हां बाबा" करतोस आणि मागून कुणी हाक मारली की ठेवून देतोस. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

तुझी पाठ दुखतेय.

आधी ओळखलं ते आईनं. दिवाळीत आला होतास तेव्हा पाटावरून उठताना तू आधी गुडघा टेकलास, डावा हात कमरेवर ठेवलास आणि मग उभा राहिलास. मी तेव्हा तुझ्या नव्या बुटांचे स्पाइक उलटेपालटे करून बघत होतो. रात्री आई म्हणाली, "पोराचं कायतरी दुखायलंय, सांगत नाही." मी म्हटलं, बंगळूरच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसला वरचा बर्थ मिळाला की माझीही पाठ आखडते. विषय तिथंच संपला.

मग परवा तू नेटमधल्या सरावात फास्ट बॉलिंग टाकतानाचा व्हिडिओ पाठवलास. मी सात-आठ वेळा बघितला. आधी मलाही वेगच दिसला, बरं वाटलं. नंतर नीट बघितलं. चेंडू सुटल्यावर तुझा उजवा हात पूर्वी डाव्या गुडघ्याच्या बाहेर जायचा, आता मांडीपाशी थांबतोय. पूर्वी वाकलेल्या अंगानं चार पावलं पुढं जायचास, आता दुसऱ्याच पावलाला ताठ होतोस. माणूस दुखतं ते वाकवत नाही. एवढं कळायला कोच असावं लागत नाही.

मी काय काम करतो हे तुला माहीत आहे, पण ते कसं करतो हे तू कधी विचारलं नाहीस. उद्यमबागेत भट्टीतून कास्टिंग आलं, फेटलिंग म्हणजे घासून साफसफाई झाली, की ते माझ्या टेबलावर येतं. वरून हात फिरवला तर लोण्यासारखं. त्याच्यावर मी लाल औषध फवारतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो, फडक्यानं पुसून काढतो आणि मग पांढरी पावडर मारतो. पीस चांगला असेल तर पांढरा राहतो. कुठं चीर असेल तर तिच्यात मुरलेलं लाल औषध पांढऱ्यावर वर येतं. केसाएवढी रेघ. ती हळूहळू उमटते, म्हणून घाई करून चालत नाही.

तू चौथीत होतास तेव्हा मार्चअखेरीला पंपाच्या केसिंगची चाळीस पिसांची लॉट होती. ट्रक गेटवर उभा. एकतीस पीस मी तपासले. नऊ राहिले तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, "झालं न्हवं?" मी मान हलवली. पंधरवड्यानं त्या नवातलाच एक गिऱ्हाइकाकडं प्रेशर टेस्टला उकलला. चूक ना भट्टीची, ना मोल्डरची. मी बघितलं नव्हतं आणि बघितलं म्हणालो होतो. दोन महिने ओव्हरटाइम बंद होता. घरात तुम्हाला सांगितलं, ऑर्डर कमी आहेत. त्या वर्षी तुझा लेदर बॉलचा हट्ट मी का मोडला, त्याचं कारण हे.

आता तुझ्या मणक्याचं. इथल्या एका हाडाच्या डॉक्टरांना मी विचारून आलो, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले, वेगवान बॉलर पुढचा पाय आपटतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाचपट, कधी सातपट जोर त्या पायातून वर येतो, आणि त्याच क्षणी कंबर वाकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हातानं टाकणाऱ्याचं हाड बहुतेक वेळा डाव्या बाजूला, अगदी खालच्या मणक्यांत तडकतं. तू हात ठेवलास ती बाजू डावीच होती. विशी-बाविशीत ही हाडं अजून पुरती भरलेली नसतात, ती पंचविशीपर्यंत भरत राहतात. आणि ते म्हणाले, नुसत्या जास्त बॉलिंगपेक्षा अचानक वाढलेली बॉलिंग वाईट. एक्सरेमध्ये सुरुवातीला काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. हाड नुसतं दुखावलेलं असताना सापडलं तर काही आठवड्यांची विश्रांती. चीर गेल्यावर सापडलं तर चार-सहा महिने, कधी जास्त.

"अचानक वाढलेली" म्हणाले तेव्हा मला घाम फुटला. दिवाळीची सुट्टी तुला अंगाला आराम म्हणून दिली होती. आणि गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी गळ घातली तेव्हा "दोन ओव्हर टाक की रे, काय होतंय" म्हणणारा मीच. दोन दिवसांत पाच सामने, टणक मैदान, साधे बूट, आणि तू एकदाही रनअप कमी केला नाहीस कारण मी बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसलो होतो. चषक मंडळाच्या कपाटात आहे. मी त्या बाजूनं हल्ली जात नाही.

तू का सांगत नाहीस हे मला कळतंय. कर्नाटकाच्या अंडर-२३ ला दिवसाला २५ हजार. रणजीच्या अकरात आलास तर नव्या पोरालाही दिवसाला ४० हजार, म्हणजे चार दिवसांचे एक लाख ६० हजार. बाहेर बसलास तरी त्याच्या निम्मे. मला महिनाभर ती पावडर मारून जे मिळतं ते तुझ्या एका दिवसात येतं, आणि तू मनात वरच्या मजल्याचा स्लॅब, ताईचं लग्न, सगळं मांडून बसला आहेस. आई म्हणते तू वहीत हिशेबसुद्धा लिहिला आहेस. बाळू, स्लॅब पुढच्या वर्षी पडेल. सळ्या गंजल्या तर घासून घेऊ.

दुसरी भीती जागेची. तू सांगितलंस तर तुझ्या जागी दुसरा पोरगा आत येईल. येईल, खोटं कशाला बोलू? आणि चांगली टाकेल कदाचित. कर्नाटकात फास्ट बॉलरची कमी कधी नव्हती.

पण तिथंच प्रसिद्ध कृष्णा नावाच्या बॉलरचं बघ. कंबरेच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२३ ची अख्खी आयपीएल गेली. २०२५ मध्ये त्याच आयपीएलमध्ये २५ विकेट आणि सगळ्यात जास्त विकेटची पर्पल कॅप, आणि ऑगस्टमध्ये ओव्हलच्या कसोटीत दोन्ही डावांत चार-चार. मधली वर्षं त्यानं कशी काढली असतील, ते कुणी टीव्हीवर दाखवलं नाही. तू मात्र तेवढंच बघायला हवंस.

आणि "मी उशिरा सुरू केलंय, भरून काढायचंय" हे तुझं पालुपद. सोळाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉल, मान्य. कर्नाटकाचाच फास्ट बॉलर अभिमन्यू मिथुन तर सतराव्या वर्षापर्यंत थाळीफेक करत होता. २००९ मध्ये मेरठला रणजीच्या पहिल्याच सामन्यात हॅट्ट्रिक घेतली आणि पुढच्या जुलैत गॉलला भारताकडून खेळला. उशीर झालाय म्हणून पाठ मोडून घेतली पाहिजे असं त्यात कुठं आहे?

तुला २०१८ चा नोव्हेंबर आठवतो का? ऑटोनगरच्या मैदानावर कर्नाटक-मुंबई रणजी. मी हाफ डे टाकून तुला घेऊन गेलो होतो. त्याच महिन्याच्या एक तारखेला मी, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून, काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत होतो आणि आता बसलो होतो कर्नाटकाच्या बाजूनं, कारण बॉलिंग आपल्या बेळगावचा रोनित मोरे टाकत होता. शेजारचा एक जण मुंबईच्या चौकारावर टाळ्या वाजवायचा आणि रोनितनं विकेट काढली की त्याहून मोठ्यानं. रोनितनं मुंबईचे पाच काढले. तू सगळा वेळ एकच विचारत होतास, तो चेंडू एकाच बाजूनं का पुसतो? मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. आता तूच सांगतोस, चकाकी एका बाजूची राखायची असते. अजून वरच्या गल्लीतले तात्या मला अडवतात, "पोरगं कर्नाटकाकडून का गा?" मी सांगतो, चेंडू दोन्हीकडं सारखाच वळतो. त्यांना ते पटत नाही, पण तुझा स्कोर मात्र रोज विचारतात.

विषय भरकटला. तर उद्या सकाळी नेटच्या आधी फिजिओंकडं जा. नेटनंतर नाही. नंतर गेलास की "आज बरं वाटतंय" म्हणशील. तुझ्या बेळगावी कन्नडवर तिथली पोरं हसतात म्हणून तू हल्ली कमी बोलतोस, हे मला ठाऊक आहे. दोनच शब्द लागतात: "बेन्नु नोवु." बाजू बोटानं दाखव. किती दिवसांपासून आहे ते खरं सांग, दिवाळीच्या सामन्यांसकट. मंडळाचं नाव घ्यायला लाज वाटली तर माझं घे, वडिलांनी खेळवलं म्हण. ओरडले तर ओरडू देत, मी फोनवर ऐकून घेईन. या आठवड्यात मला दुसरी पाळी आहे, सकाळी अकरापर्यंत घरीच आहे.

काकांचा मुलगा बुधवारी गाडीनं निघतोय. त्याच्याकडं नाचणीचे लाडू आणि अर्धा किलो कुंदा देतोय. लाडू तुझे, कुंदा खोलीतल्या पोरांना. सगळा एकट्यानं खाऊ नकोस, नुसतं बसून राहायची वेळ आली तर वजन वाढेल.

आणि एमआरआयला आत पाठवलं तर गळ्यातला तो चांदीचा ताईत आधी काढून ठेव, आत धातू चालत नाही. आजीनं सौंदत्तीहून आणलाय, काढलास हे तिला सांगू नकोस.

तुझा,
बाबा