फी माफ झाली, पण पथारी कुठे टाकायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्या निर्णयामुळेच मी औशाहून कोल्हापूरला एमबीए करायला येऊ शकले. त्याआधी काही वर्षं गावाकडच्या एका पतसंस्थेत कॅशच्या खिडकीत बसत होते. फी भरायची असती तर आमच्या अण्णांनी "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय मिटवला असता. तेव्हा निर्णयाबद्दल कुरकुर नाही, आभारच आहेत. पण फी माफ झालेली मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात उतरल्यावर पहिले काही आठवडे पथारी कुठे टाकणार, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. त्याबद्दल लिहिते आहे.

सगळं अडतं ते वेळापत्रकात. एमबीएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, उन्हाळ्यात होते. २०० प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे परीक्षा एका बैठकीत उरकते. पुढचं उरकत नाही. निकाल, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, मग कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या, आणि मिळालेली जागा फ्रीझ, म्हणजे पक्की, करायची की पुढच्या फेरीची वाट बघायची यावर घरात रोज संध्याकाळी चर्चासत्र. माझं कॉलेज नक्की होईपर्यंत श्रावण लागला होता. शहरच ठरलेलं नसताना खोलीला ॲडव्हान्स कोण देणार? तोवर अकरावीची आणि डिग्रीची मुलं जूनमध्येच येऊन बऱ्या खोल्या धरून बसलेली असतात. आमच्या वाट्याला येते जिन्याखालची कॉट, नाहीतर गच्चीवरची पत्र्याची खोली. आणि तिचंही भाडं मालक जूनपासून मोजतात! "वर्षाची रूम आहे ताई, तुम्ही उशिरा आला त्याला आम्ही काय करणार?"

खोल्यांचा हा धंदा मला नवा नाही. लातुरात बाहेरून शिकायला येणाऱ्या पोरांच्या जिवावर अख्ख्या गल्ल्या चालतात. माझ्या मामाच्या वरच्या मजल्यावरही अशीच मुलं असतात. त्यामुळे डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, गिझर बंद, पाहुणा आणायचा नाही, हे सगळं ऐकून मी आले होते. ज्याची तयारी नव्हती ती गोष्ट वेगळी. मी सुरुवातीला कोल्हापूरजवळच्या उचगावला गावाकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरले होते. त्यांच्या दोन खोल्यांत पाच माणसं, मी सहावी. माणसं देवासारखी, पण आपण कुणाला तरी अडचण होतोय हे रात्री मोरीला जाताना तीन अंथरुणं ओलांडायची म्हटल्यावर कळतंच. त्यामुळे कॉलेज सुटलं की खोली बघायला बाहेर पडायचं, हाच माझा पहिला सेमिस्टर.

शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला एक खोली मला पसंत पडली. भाडं बेताचं, स्टँड जवळ, मालकीणबाई गोड बोलणाऱ्या. टोकन द्यायला पर्स उघडली तर बाहेर थांबलेले रिक्षावाले मामा आत डोकावून म्हणाले, "ताई, पाणी कुठवर येतंय ते बघितलंसा काय?" मग मला दिसलं. भिंतीवर खांद्याच्या उंचीला मातकट रेघ होती, वरून नवा रंग मारला होता तरी फुगून वर आलेली. २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या माणसांना पाठ आहेत. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आता मलाही पाठ आहे. औशाच्या पोरीला कुणी सांगितलं असतं? आम्ही टँकरच्या गावचे. पाणी घरात शिरतं ही कल्पनाच आम्हाला नवी. मामांनी त्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. खोली बघायला गेलं की आधी "गाव कुठलं", मग "आडनाव काय", आणि आडनावावरून अंदाज आला नाही की "म्हणजे तुम्ही कोण?" सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. उत्तर दिल्यावर काही जण चहा विचारतात, काही जण "नंतर फोन करतो" म्हणतात. तो फोन येत नाही.

हे कोल्हापुरात घडतं म्हणून जास्त लागतं. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा आहे पण राहायला जागा नाही म्हणून त्याचं शिक्षण अडतं, हे शाहू महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जागा दिल्या, अनुदानं दिली. दसरा चौकातून केएमटीची (शहर वाहतुकीची) बस जाते तेव्हा त्यातल्या काही इमारती खिडकीतून दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटील इथे शिकत होते तेव्हा मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना राहत्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. महाराजांनी त्यांना आसरा दिला. पुढे १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं ते महाराजांच्या नावानं. एका मुलाची कॉट गेली तर त्याच्या शिक्षणाचं काय होतं, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता नवीन बोर्डिंग बांधा अशी मागणी करायला मी लिहीत नाही. तशी निवेदनं पुष्कळ गेली असतील, आणि इमारत उभी राहीपर्यंत माझं एमबीए होऊन दुसऱ्या मुली येतील. शिवाय आम्हाला दोन वर्षांची सोय कुणी द्यावी असंही म्हणणं नाही. महिना-दीड महिना डोकं टेकायला सुरक्षित जागा मिळाली, तर पुढची खोली मुलगी स्वतः चार लोकांना विचारून, भिंतीवरची रेघ बघून शोधू शकते. घाईत घेतलेल्या खोलीतच माणूस फसतो. इकॉनॉमिक्सच्या सरांनी वर्गात विचारलं, किंमत वाढली तरी कमी होत नाही अशा मागणीचं उदाहरण द्या. पुस्तकात मिठाचं आहे. मागच्या बाकावरची कुडाळची मुलगी म्हणाली, "सर, सप्टेंबरमधली कॉट." स्थानिक मुलांना विनोद कळलाच नाही, बाहेरगावचा अर्धा वर्ग हसत होता.

तर ही जागा कुठून आणायची? माझ्या रोजच्या रस्त्यावर एक मंगल कार्यालय लागतं. आषाढी एकादशीनंतर त्याचं फाटक बंद, वॉचमन खुर्चीत पेपर वाचत बसलेला. चातुर्मासात लग्नं नाहीत, कार्तिकीनंतर पुन्हा गजबज. आणि आमचे प्रवेश नेमके या रिकाम्या महिन्यांत होतात. वधूपक्षाच्या खोल्या, वरपक्षाच्या खोल्या, गाद्या, न्हाणीघरं, बोअरचं पाणी, स्वयंपाकघर, भिंतीचं आवार, सगळं तयार. वॉचमनचा पगार, घरफाळा आणि विजेचा स्थिर आकार मालक भरतोच आहे. कॅशच्या खिडकीतली सवय जात नाही म्हणून हिशेब मांडते. समजा वरच्या मजल्यावर ३० मुली राहिल्या आणि दिवसाला १५० रुपये घेतले, तर रोजचे ४,५०० आणि महिन्याचे १ लाख ३५ हजार. वीज, पाणी, झाडलोट वजा केली तरी रिकाम्या इमारतीपेक्षा बरं. जेवणाचं काम एखाद्या बचत गटाकडे द्यावं. माझ्या सध्याच्या मेसच्या मावशींचंच बघा, त्यांच्या हाताला चव आहे आणि मनाला माप नाही. भाकरी मोजून वाढायला त्यांना अजून जमलेलं नाही. (धंदा म्हणून हे चूक आहे, पण त्यांना कुणी शिकवू नये.)

"मुलींची जबाबदारी कोण घेणार?" हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. कॉलेजांनी घ्यावी. प्रवेशाची पावती बघून नावं नोंदवावीत, एक महिला रेक्टर नेमावी, यादी पोलीस ठाण्यात द्यावी. आज जिन्याखालच्या कॉटवर राहणाऱ्या मुलीची जबाबदारी कोण घेतंय, हेही एकदा विचारून बघावं. गणपतीत, नवरात्रात हॉल लागतो, बारशी असतात, सभा असतात. त्या खाली होऊ देत, आम्ही वर अभ्यास करू. औशात लाउडस्पीकरखाली बसूनच बी.कॉम. केलंय. आणि पूर आला तर कार्यालयं पूरग्रस्तांना लागतात, तेव्हा पहिला हक्क त्यांचा. तशा वेळी हेच शहर एका रात्रीत शेकडो लोकांची गादी-चादर-जेवणाची सोय करतं, हे मी इथल्या लोकांकडून ऐकलं आहे. म्हणजे कसं करायचं हे इथे कुणाला शिकवायला नको.

मला आता राजारामपुरीत खोली मिळाली आहे, तिघींत मिळून. मालक आजोबांनी आडनाव विचारलं नाही, फक्त "रात्री गॅस बंद करता ना?" एवढं विचारलं. त्यामुळे हे पत्र माझ्यासाठी नाही. पुढच्या पावसाळ्यात जालन्याहून, गडचिरोलीहून कुणी येईल तिच्यासाठी आहे. लग्नाच्या तारखा कार्यालयवाले वर्षभर आधी धरतात, तेव्हा कॉलेजांनी त्यांच्याशी बोलायचं तर सीईटीच्या आधीच, होळीच्या सुमारास बोलायला हवं. एखाद्या कार्यालयमालकाला रस असेल तर त्यांचा निरोप आपल्या कचेरीमार्फत पोचवावा. आमच्या वर्गातल्या चौघीजणी खर्चाचा पूर्ण तक्ता घेऊन भेटायला येतील. फक्त सोमवारी बोलवू नये, त्या दिवशी अकाउंटिंगचं सबमिशन असतं.

आपली नम्र,
एमबीए प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
मूळ गाव औसा, जि. लातूर, सध्या राजारामपुरी, कोल्हापूर