रस्त्यावरचे रंग आणि कोपऱ्यावरचा उतार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या फोटोत आमच्या घरासमोरचा रस्ता रंगीबेरंगी दिसला म्हणून तुम्ही विचारलंत, पोरांनी रंग सांडले का? पोरांनी नाही, नळाच्या, विजेच्या आणि गॅसच्या लोकांनी. अमेरिकेत जमीन खोदायची असली की आधी ८११ ला फोन करावा लागतो. २००७ पासून देशभर हा एकच नंबर आहे. फोन गेला की जमिनीखाली ज्याचं ज्याचं काही पुरलेलं असेल तो तो माणूस पाठवतो आणि वरून रेघ मारून जातो. लाल म्हणजे वीज, पिवळी गॅसची, नारिंगी फोन आणि केबलची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी सांडपाण्याची. जिथे खोदायचं आहे तिथे पांढरी. हे रंगही देशभर तेच, त्यामुळे कुठल्याही गावात उभं राहून खाली काय आहे ते वाचता येतं. धाकट्याला ते इतकं पाठ झालंय की रोज शाळेतून येताना मला परीक्षेला बसवतो.

तुम्ही बांधकाम खात्यात होतात तेव्हा घरी येऊन कायम एकच तक्रार करायचात, 'आम्ही डांबर टाकलं की दुसऱ्या दिवशी पाइपवाले हजर.' इथेही ती तक्रार आहे. त्यावर बऱ्याच शहरांनी काढलेला उपाय असा, की रस्ता नवा केला की पुढची काही वर्षं तो फोडायला बंदी, अगदी अडलंच तर गोष्ट वेगळी. म्हणून मग डांबराआधी सगळ्यांना विचारतात, तुमचं खाली काही काम आहे का? आमच्या रस्त्याखालची पाण्याची लाइन जुनी निघाली. ती बदलण्यात अख्खं वर्ष गेलं आणि तोवर आम्ही ठिगळांवरून गाड्या नेत होतो. दारावर नोटिशीही लागायच्या, अमुक तारखेला गाड्या हलवा म्हणून. ती तारीख तीनदा पुढे गेली. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी गाड्या हलवल्याच नाहीत, आणि नेमकं त्याच दिवशी काम करणारे आले.

पण मला खरा राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या मागची गल्ली तुम्हाला आठवत असेल, सकाळी तुम्ही तिथूनच फिरायला जायचात. तो रस्ता बरा होता, खड्डा असा एकही नव्हता. तरी त्याचं काम आधी केलं आणि आमचा तसाच ठेवला. मला वाटलं, तिकडे कुणाचा तरी वशिला असणार. वस्तीच्या बैठकीत मी उठून बोललेसुद्धा, जरा जास्तच. तिथे आलेल्या तरुण इंजिनिअर मुलीने शांतपणे एक आलेख दाखवला.

बाबा, तुम्हाला तो आवडला असता. इथे प्रत्येक रस्त्याला ० ते १०० मधले गुण देतात. ही पद्धत अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी काढली, मग ती रस्त्यांवर आली. माणसं प्रत्यक्ष जाऊन भेगा, खड्डे, चाकोऱ्या मोजतात, भेग किती रुंद आणि कुठल्या जातीची तेही लिहितात. मगरीच्या कातड्यासारख्या भेगा दिसल्या की समजायचं, दुखणं वर नाही, खालच्या थरात आहे. आलेखात गंमत ही होती की रस्त्याचे गुण सुरुवातीची बरीच वर्षं हळूहळू उतरतात आणि मग कड्यावरून पडल्यासारखे एकदम कोसळतात. त्या कड्याच्या अलीकडे असलेल्या रस्त्यावर पातळ थर मारला तर थोडक्यात भागतं. कडा ओलांडला की उखडून नवा करण्याला पर्याय नाही, आणि तो खर्च कितीतरी पट. म्हणजे सगळे पैसे आधी सगळ्यात वाईट रस्त्यांवर घातले, तर तेवढ्या वेळात चांगले रस्ते कड्यावरून खाली येतात. दातांसारखंच आहे. पडायला आलेल्या दाताला चार महिने थांबवलं तरी तो तेवढाच वाईट राहतो, कीड नुकती लागलेल्या दाताला मात्र वाट बघायला लावून चालत नाही.

पटलं मला. तरी आपला रस्ता म्हणजे पडायला आलेला दात, हे भर बैठकीत ऐकून घेणं काही सोपं नव्हतं.

शेवटी गेल्या महिन्यात काम झालं. मी दोन दिवस घरूनच ऑफिसचं काम केलं, निम्मा वेळ खिडकीत. पहिल्या दिवशी खरवडणारं मशीन आलं. खाली दातेरी नळकांडं असतं, ते फिरत फिरत वरचं साधारण दोन इंच डांबर सोलतं आणि पट्ट्यावरून थेट पुढच्या ट्रकमध्ये टाकतं. ते वाया जात नाही, प्लांटवर नेऊन नव्या मालात मिसळतात. सोललेल्या रस्त्यावर चेंबरची झाकणं बुटक्या स्टुलांसारखी वर आली होती. मग झाडलोट, मग टॅक कोट, म्हणजे नवा थर खालच्याला चिकटावा म्हणून मारायचं पाणी मिसळलेलं पातळ डांबर. तो मारल्यावर तपकिरी असतो आणि पाणी उडून गेलं की काळा होतो, तोवर मुकादमाने कुणालाही पाय ठेवू दिला नाही. तुमचीच आठवण झाली. मग दीडशे अंशांच्या आसपासचा गरम माल आणि त्याच्या पाठोपाठ रोलर. माल गार व्हायच्या आत दाबून घ्यायचा असतो, म्हणून रोलरवाला पेव्हरच्या, म्हणजे माल अंथरणाऱ्या मशीनच्या, मागे अगदी चिकटून चालत होता. एकदाच थांबला, कुणाचं तरी मांजर आडवं गेलं तेव्हा. मांजर गेलं तसा निघाला, बाकी अपशकुन वगैरे काही नाही.

आता आई, तुझ्यासाठी.

आमच्या कोपऱ्यावरची फुटपाथची कड आठवते ना? सहा इंचांची ती पायरी उतरताना तू एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने दिव्याचा खांब धरायचीस, आणि नंतर नंतर 'आज नको, उद्या जाऊ' म्हणायला लागलीस. तिथे आता उतार झालाय. इथे अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहे. रस्त्याचं डांबरीकरण नव्याने केलं की त्या रस्त्यावर जिथे जिथे चालणारे ओलांडतात तिथे फुटपाथला उतार करून द्यावाच लागतो. फिलाडेल्फियात यावरून खटला झाला होता. शहराचं म्हणणं होतं, आम्ही फक्त वरचं डांबर बदललं, फुटपाथला हातही लावलेला नाही. अपील कोर्टाने १९९३ मध्ये ते मानलं नाही. पण भेगा बुजवणं किंवा स्लरी सील, म्हणजे वरून नुसता पातळ थर, मारणं ही नुसती देखभाल धरतात, त्याला हा नियम नाही. म्हणजे बघ, ज्या मागच्या गल्लीवरून मी भांडले तिथे स्लरी सील झालं, आणि तिथली कड आहे तशीच आहे. आमचा रस्ता गुणांत नापास झाला म्हणून तुला उतार मिळाला.

उताराची चढण १२ फुटांना १ फूट यापेक्षा जास्त चालत नाही. बाबा विचारतीलच म्हणून मी टेप लावून मोजलं, बसतं त्यात. उताराच्या तोंडाशी पिवळ्या रंगाची, बुटक्या गोल उंचवट्यांची लादी आहे. दिसत नसलेल्या माणसाला पायाने कळावं की इथे फुटपाथ संपला. ही कल्पना मूळ जपानची. सेइइची मियाके नावाच्या माणसाने दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी असल्या लाद्या बनवल्या, आणि १९६७ मध्ये ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. तुझ्या चपलेला त्या टोचणार नाहीत, मी चालून पाहिलं.

गतिरोधकाचं मात्र जमलं नाही. आम्ही सह्या गोळा केल्या, मग रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकून आठवडाभर गाड्यांचा वेग मोजला गेला. आकडा त्यांच्या मर्यादेपेक्षा थोडा कमी निघाला, आणि अर्ज परत. आमच्या समोरच्या आजी म्हणतात की नळ्या दिसल्या की सगळेच सावकाश चालवतात, मोजणार काय! ताशी ३७ किलोमीटरने गाडी आदळली तर दहांतला एक पादचारी जातो आणि ६८ ने आदळली तर निम्मे, असा इथलाच एक अभ्यास आहे. तो छापून मी पुढच्या बैठकीला नेणार आहे. या वेळी आवाज न चढवता.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी नॅशनल नाइट आउट झाला. १९८४ पासून चालू आहे, शेजाऱ्यांनी आणि पोलिसांनी एकमेकांना तोंडओळखीपलीकडे ओळखावं म्हणून. रस्त्याची दोन्ही टोकं परवानगी काढून बंद केली आणि सगळ्यांनी खुर्च्या बाहेर आणल्या. पोरं नव्या डांबरावर नऊ वाजेपर्यंत सायकली फिरवत होती. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाचं नाव मला त्या दिवशी कळलं. असो.

आई, कोपऱ्यावरच्या, कुणीही पुस्तक ठेवावं आणि कुणीही न्यावं अशा पेटीत तू मागच्या खेपेला तुझं वाचून झालेलं मराठी पुस्तक ठेवलं होतंस आणि चौथ्या दिवशी ते गेलं होतं. कुणी नेलं ते अजून कळलेलं नाही. नाइट आउटला मी दोघातिघांना आडून विचारलंही. अशी पहिली पेटी २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात एका मुलाने आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी लावली होती, हे मला आत्ता कळलं. तू येशील तेव्हा आणखी दोन पुस्तकं आण. पाळत ठेवू.

बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळवा, नुसतं 'बरं आहे' नको. चौकातले पांढरे पट्टे अजून मारायचे राहिलेत. नोटीस लागली आहे, पुढच्या गुरुवारची. तारखेचं मी काही सांगत नाही.

तुमची,
धाकटी