परळच्या मखरवाल्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

२०१८ मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात बंदी आली आणि तुमचं काम पुठ्ठा-कापडाकडे वळलं. थर्मोकोल कापायची तापल्या तारेची चौकट मात्र तुम्ही मोडीत काढली नाहीत. आमच्या डाउनविंड फॉइल बोर्डाचा थर्मोकोलचा गाभा सरळ झाला तो तिच्यामुळे आणि तुमच्या हातामुळे.

हा वाऱ्याच्या दिशेने लाटांवर चालवायचा बोर्ड. त्याला शीड नसतं, वारा धरायला हातात विंगही नसते. नुसत्या वल्ह्याने वेग घ्यायचा, की फॉइल, म्हणजे बोर्डाखाली दांड्यावर बसवलेला पाण्यातला पंख, त्याला उचलतो. म्हणून तो लांब आणि अरुंद: ७५ किलोच्या माणसासाठी ८ फूट लांब, २० इंच रुंद, साडेपाच इंच जाड, आकारमान सुमारे ११० लिटर. पोट जवळजवळ सपाट, शेपटी वर उचललेली. एवढ्या अरुंद बोर्डात पीळ राहिला तर तो एका अंगाला ओढतो. असा पीळ तासून काढणं कठीण, तो कापतानाच टाळावा लागतो.

तुम्ही आधी थर्मोकोल तराजूवर ठेवायला लावलात. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, १० सेंमी जाड तुकडा १ किलो भरला, तर घनता २० किलो प्रति घनमीटर. पॅकिंगचा माल त्याच मापात अर्ध्या किलोच्या आसपास. तो वापरला तर बोर्ड किलोभर हलका होतो खरा, पण टाचांखाली खड्डे पडतात.

ठोकळ्यासाठी तुकडे जोडण्याचंही तसंच. पांढरा फेव्हिकॉल थर्मोकोलच्या पोटात वाळत नाही, कारण पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. रबरी सोल्युशन थर्मोकोल खातं. इपॉक्सी चालतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर तार अडते. म्हणून कापाच्या रेषेपासून दोन बोटं अंतर सोडून लावायचं, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. पॉलिस्टर रेझिन स्वस्त असूनही आम्ही हात लावला नाही तो याच धड्यामुळे. त्यातलं स्टायरिनही थर्मोकोल विरघळवतं.

कापायचा क्रम तुमचाच: आधी बाजूचा बाक, मग वरून दिसणारी बाह्यरेषा. ठोकळ्याच्या बाजू चौकोनी असतात तोवरच प्लायचे साचे दोन्हीकडे समोरासमोर बसतात. साच्यांवर आकडे लिहायचे आणि तारेच्या दोन टोकांच्या दोघांनी ते मोठ्याने म्हणत एकाच वेळी ओलांडायचे. घाई केली की तारेचा मधला भाग मागे रेंगाळतो आणि मधोमध फुगवटा राहतो. तापल्यावर तार लांबते, म्हणून टोकाला स्प्रिंग हवीच. कापामागे केसासारखे तंतू सुटले तर उष्णता बरोबर. खिडक्या उघड्या आणि पंखा चालू हवा, तो धूर वाईट.

वरखालचे उरलेले तुकडे फेकू नका म्हणालात, त्याचं मोल नंतर कळलं. काचकापड व्हॅक्यूम पिशवीत दाबताना बोर्ड त्याच खाचेत ठेवला की बाक बदलत नाही. दाब १० इंच मर्क्युरीच्या आसपासच (पूर्ण निर्वाताच्या साधारण एक तृतीयांश), पंप पूर्ण जोराने चालवला तर थर्मोकोल चेपतो.

फॉइल ज्यांना बोल्टने आवळतात त्या रुळांचं काम तुमच्या कक्षेबाहेरचं, पण सांगतो. दोन रूळ, मध्य ते मध्य ९० मिमी, एम-८ बोल्ट. भोवती ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम, पोटापासून थेट वरच्या कातडीपर्यंत, म्हणजे काचकापडाच्या थरापर्यंत. तो मध्येच संपला तर रूळ हलतात, कडेला चीर जाते आणि पाणी शिरतं. चिकटवताना मास्टची, म्हणजे फॉइलच्या उभ्या दांड्याची, प्लेट रुळांवर आवळून ठेवायची, म्हणजे ते समांतर राहतात. इपॉक्सी दोन-तीन टप्प्यांत ओतायचं, एकदम ओतलं तर स्वतःच्या उष्णतेने आतला थर्मोकोल वितळवतं. मुंबईच्या दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो, तो पुढच्या थराआधी पाणी आणि घासणीने काढायचा. पॉलिश पेपर आधी मारला तर मेण आत चोळलं जातं. आणि रंग पांढराच, सोबत हवा सुटायला व्हेंट. गडद बोर्ड उन्हात ठेवला की आतली हवा फुगून कातडी सुटते.

पुढच्या बोर्डाचे साचे तयार आहेत: साडेसात फूट लांब, १९ इंच रुंद, ६० किलोच्या माणसासाठी. गणपतीची तुमची गडबड आटोपली की ठोकळा घेऊन येतो, वजन करूनच. मागच्या वेळी तारेचे पैसे घेतले नाहीत, या वेळी घ्यावे लागतील.

आपले,
बोर्ड बांधणारी मंडळी