आई-बाबांना पत्र: औषधांच्या डब्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत औषधांचा डबा आवरण्याचे निमित्त करून मी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या, हे आज कबूल करते. महिना संपला होता, तरी पाकिटात अकरा गोळ्या शिल्लक होत्या, आणि एक सुरीने अर्धी करून कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेली होती. भाऊबीजेचे ताट समोर असल्याने तेव्हा मी गप्प बसले, पण ती पुडी काही केल्या मनातून जात नाही.

म्हणून तुम्हाला न विचारता दोन गोष्टी करून टाकल्या आहेत. रागवायचे ते पत्र वाचून झाल्यावर रागवा.

एक म्हणजे आईच्या नावाने आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली असून पहिला हप्ता भरला आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता ऑक्टोबर २०२४पासून मिळू लागलेले, आयुष्मान भारत योजनेतल्या मोफत रुग्णालयीन उपचारांचे ‘वय वंदना’ कार्ड बाबांकडे आहे. आईला मात्र त्यासाठी अजून चार वर्षे आहेत. राज्याची महात्मा फुले योजना तिलाही लागू आहे, हे मला ठाऊक आहे, बाबा. परंतु ती ठरावीक उपचारांपुरती आणि योजनेतल्याच रुग्णालयांपुरती आहे. हप्त्याचा आकडा मी सांगणार नाही, कारण तुम्ही लगेच वही काढाल. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, एवढेच समाधान माना.

पॉलिसीच्या अर्जात आईच्या मधुमेहाचा उल्लेख टाळावा असे तुम्ही सुचवले होते, पण मी तो लिहिला. त्यामुळे त्याच्याशी निगडित उपचारांसाठी तीन वर्षे थांबावे लागेल आणि प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपल्याला भरावा लागेल. लपवलेले उद्या उघडकीस आले असते, तर ऐन वेळी दावाच फेटाळला गेला असता, आणि रुग्णालयाच्या काउंटरवर कागद हातात घेऊन उभे राहण्याची पाळी तुमच्यावर आली असती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाबांचे कार्ड काय किंवा ही पॉलिसी काय, दोन्ही रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. डॉक्टरांची फी, साखरेची तपासणी आणि रोजच्या गोळ्या यांचा खर्च आपलाच. कार्ड नव्हते तेव्हा बाबा खर्चाच्या धास्तीने दवाखाना टाळत. कार्ड आल्यापासून ‘मोठे काही झाले तर बघू, आता सोय आहे’ असे म्हणून टाळतात. बाबा, उद्या पक्षाघात झाला तर त्या उपचारांसाठी पाच लाखांपर्यंतची सोय आहे, पण तो टळावा म्हणून घ्यायच्या गोळीचे पैसे कोणतेही कार्ड देत नाही. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेल्या माणसाने हा हिशेब चुकवावा, याचे मला खरोखर नवल वाटते.

तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मी खाते उघडले आहे. औषधे महिन्याच्या एक तारखेला घरपोच येतील आणि पैसे मी परस्पर भरेन. दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येईल. तो सातच्या आत येतो, त्यामुळे आईचा चहा फार लांबणार नाही. तुमच्या पेन्शनमधला एक रुपयाही यात जाणार नाही. हे उपकार समजू नका. मला रात्री ताप भरला की सायकलच्या दांडीवर बसवून, आईची शाल गुंडाळून, तुम्ही डॉक्टरांचे दार वाजवायला जात होतात. तेव्हा फी किती होईल हे तुम्ही एकदाही विचारले नव्हते.

आता थोडे ऐकायचे. मोतीबिंदू पिकू द्यायचा नाही. डॉक्टर हल्ली त्याची वाट पाहत नाहीत. बाबांच्या कार्डावर त्याची शस्त्रक्रिया कोठे होईल, हे मी योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारून घेते. आई, कधी दाखल व्हावे लागलेच, तर पॉलिसीत बसते तीच खोली घ्यायची. भारी खोली घेतली तर डॉक्टरांच्या फीसारखे बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. गुडघ्याचे दुखणे ‘वयाचे आहे’ म्हणून अंगावर काढू नकोस.

गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकून देऊ नका. संक्रांतीला आले की मी मोजणार आहे.

तुमची,
बाळी