तयार मॉडेल नको, मुलांना बादलीभर पाणी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे फोटो आले होते, ते बघून हे पत्र लिहायला घेतलं. मी पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, आता रिटायर झाल्यावर भांडुपला घराजवळच्या एका बालवाडीत जाते, म्हणजे साडेतीन वर्षांचं पोर आणि दहावीचा विद्यार्थी दोघंही जवळून बघितलेत. आणि मला मनापासून एवढंच सांगायचंय की आपण मुलांना विज्ञान दाखवतो खूप, करू मात्र देत नाही, आणि ही सवय आपण बालवाडीपासूनच लावतो.

डिसेंबर आला की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत तयार मॉडेल टांगलेली असतात, सूर्यमाला, ज्वालामुखी, पवनचक्की, काय हवं ते, आणि नाही मिळालं तर ऑनलाइन मागवलं की दुसऱ्या दिवशी घरपोच. ज्यांना विकत घेणं पटत नाही ते आईबाबा रात्री अकरा वाजेपर्यंत फेव्हिकॉल घेऊन बसतात आणि ज्याचं प्रोजेक्ट आहे तो आत झोपलेला असतो. आता तर सिनियर केजीच्या मुलांनाही सूर्यमालेचं मॉडेल करून आणायला सांगतात. पाच वर्षांच्या मुलाने ते कसं करायचं, मला खरंच कळत नाही.

एका प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. चौथीतली एक मुलगी कारंज्याच्या मॉडेलपाशी उभी होती, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, दोन वेण्या, आणि पाठ केलेलं धडाधड म्हणत होती. मी मध्येच विचारलं, अगं ही वरची बाटली थोडी खाली घेतली तर काय होईल गं? ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मग तिच्या बाईंकडे बघितलं, आणि परत 'नमस्कार, माझं नाव' पासून सुरू केलं. मी बाटलीला हात लावणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, मॅडम नको, पाणी सांडेल. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही, आणि बाईंवर तरी काय काय असतं ते मी स्वतः भोगलंय. पण बाटली खाली घेतली की कारंजं बुटकं होतं, अजून खाली घेतली की बंदच पडतं, हे तिने एकदा स्वतःच्या हाताने केलं असतं ना, तर बिल्डिंगची टाकी गच्चीवर का असते आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर नळाला धार बारीक का येते, हे तिचं तिलाच सुचलं असतं.

सूर्यमालेचं पण तसंच. फोमचे रंगवलेले गोळे एका तारेवर ओळीने लावलेले, सूर्य गुरूच्या जेमतेम दुप्पट, आणि पृथ्वी त्याला चिकटून. मुलाच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसतं आणि मग मोठेपणीही निघत नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याचा एक दाणा घ्या, साधारण एक मिलीमीटरचा, ती आपली पृथ्वी. मग सूर्य होतो अकरा सेंटिमीटरचा, म्हणजे कागदाचा बोळा करून त्या मापाचा चेंडू बनवता येतो, आणि तो ठेवायचा जवळजवळ बारा मीटर लांब. चंद्र पृथ्वीपासून फक्त तीन सेंटिमीटरवर. शाळेच्या व्हरांड्यात हे मावतं, खर्च शून्य, आणि सहावीतली मुलं तो दाणा बोटावर धरून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चेंडूकडे बघतात तेव्हा वर्गात जी शांतता होते ती मला कुठल्याही मॉडेलने कधी मिळाली नाही. नंतर प्रश्नांची रांग लागते ती वेगळीच.

ज्वालामुखीचं तर मला फार वाईट वाटतं. सोडा आणि व्हिनेगर फेसाळलं की टाळ्या, पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, खऱ्या ज्वालामुखीतून वितळलेला खडक येतो, दोन्हीचा काही संबंध नाही हे कोणी सांगत नाही. आणि आपली मुंबई तर लाव्हारसाच्या खडकावरच उभी आहे! अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, काळ्या बेसाल्टचे सरळसोट खांब, साठेक मीटर उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना तयार झालेले, वर गावदेवीचं देऊळ आहे, बाजूला बिल्डिंगा दाटल्यात. तिथून चालत दहा मिनिटांवर राहणारी मुलं फोमचा ज्वालामुखी घेऊन प्रदर्शनात उभी राहतात. एकदा नेऊन तो दगड हाताने चाचपू दिला तर किती फरक पडेल.

आता बालवाडीचं सांगते, कारण लोकांना वाटतं इतक्या लहान मुलांना कसलं आलंय विज्ञान. पालक विचारतात आज काय शिकवलं, म्हणून मग वर्कशीट भरून पाठवायची, ग्रहांची नावं इंग्रजीत पाठ, झाडाचे भाग पाठ. आमच्याकडे आम्ही पाण्याची बादली मधे ठेवतो आणि संत्रं टाकतो. टाकायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं बुडेल की तरंगेल, आणि जो जे म्हणेल ते चूक म्हणायचं नाही, फळ्यावर त्याच्या नावापुढे चित्र काढायचं. संत्रं तरंगतं. मग तेच संत्रं सोलून टाकायचं, ते बुडतं. सोलल्यावर ते हलकंच झालेलं असतं, तरी बुडतं! पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगा उठून बादलीपाशी आला, आत हात घालून संत्रं वर काढलं, सोडलं, परत काढलं, परत सोडलं, बाही खांद्यापर्यंत ओली. मग त्याने बाजूला पडलेली नुसती साल पाण्यात टाकली, ती तरंगली, आणि तो माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाला, सालीत हवा आहे. चार वर्षांचा मुलगा, मी एक शब्द सांगितला नव्हता. सालीखालच्या पांढऱ्या भागात खरंच बारीक बारीक हवा असते. (एक सांगून ठेवते, बादलीपाशी लहान मुलांना एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, आणि बटणासारखे सेल, छोटे लोहचुंबक त्यांच्या हाती अजिबात द्यायचे नाहीत, गिळले तर जिवावर बेततं.)

या वयात मुलांना सांगून फारसं काही होत नाही हे जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं त्याला कित्येक दशकं झाली. मुलाच्या डोळ्यांदेखत एका पसरट वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओता, चार-पाच वर्षांचं मूल हमखास म्हणतं आता पाणी जास्त झालं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असंच चालतं. तुम्ही कितीही समजावा, ते मान डोलावेल आणि पुढच्या वेळी परत तेच म्हणेल. त्याला फक्त ओतू द्यायचं, परत परत, इकडून तिकडे, आंघोळीच्या वेळी, भांडी घासताना. म्हणून पाण्यात खेळणाऱ्या मुलाला ओरडू नका असं मी प्रत्येक पालकसभेत सांगते, अर्थात आपल्याकडे पाणी सकाळी तासभर येतं हेही मला माहिती आहे, तर तेच पाणी नंतर झाडांना घाला, लादी पुसायला वापरा.

हळदीचं तर प्रत्येक घरात होतं. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला, आईने साबण लावला, डाग लाल! लिंबू पिळलं की परत पिवळा. आणि उन्हात वाळत घातला की फिका. हेच पुढे वरच्या वर्गात दर्शक म्हणून, म्हणजे आम्ल की अल्कली हे रंग बदलून सांगणारा पदार्थ म्हणून, पुस्तकात येतं आणि मुलं पाठ करतात, कारण त्यांचा आणि त्या डागाचा संबंध कोणी लावूनच दिलेला नसतो. आम्ही हळदीचं पाणी लावून कागद वाळवतो आणि मुलांना साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी देतो, पिवळ्यावर लाल चित्रं उमटतात. मग मुलंच विचारतात चहा लावू का, दूध लावू का, खायचा सोडा लावू का, आणि मी म्हणते लावून बघ. एका आजींनी सांगितलं आमच्याकडे हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, तर त्या आजी आमच्या त्या दिवसाच्या विज्ञानाच्या बाई झाल्या.

संकष्टीच्या दिवशी घरात सगळे उपाशीपोटी चंद्रोदयाची वाट बघत असतात, कालनिर्णयमध्ये वेळ छापलेली असते. मुलांना सांगा पौर्णिमेपासून रोज बघ चंद्र कधी दिसतो, रोज पाऊणएक तास उशीर होत जातो हे त्यांनाच सापडेल. भरतीची वेळ पण अशीच रोज पुढे सरकते, दादरला किंवा जुहूला राहणाऱ्यांनी हे दोन्ही एका वहीत लिहून बघावं.

यातलं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि नंतर त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या, तिथे आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी महागडी साधनं कुठून आणणार, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं. आपल्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ मध्ये सुरू झालेलं, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे १९६६ पासूनची. नवीन शैक्षणिक धोरणातही, २०२० च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून शिकणं लिहिलंय. म्हणजे कागदावर सगळं आहे, वर्गात बादली ठेवायला परवानगी नाही एवढंच. लादी ओली झाली म्हणून शिपाईमामा चिडतात, तास पस्तीस मिनिटांचा, पोर्शन संपवायचा असतो, आणि वहीत उत्तर एकसारखं नसलं की पालकच येऊन विचारतात.

शाळांना माझी विनंती आहे की प्रदर्शनात निदान एक टेबल असं ठेवा जिथे मॉडेल चालणार नाही. मुलाने तिथेच प्रयोग करायचा, आधी काय वाटलं होतं आणि काय झालं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलेली वही ठेवायची, अंदाज चुकलेला असेल तर खोडायचा नाही. बक्षीस द्यायचंच तर परीक्षकांनी त्या वहीला द्यावं.

आणि आपल्याकडे एक मागणं. दरवर्षी १५ मेच्या आसपास मुंबईत दुपारी साधारण बारा पस्तीसला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. जुलैच्या २७-२८ ला परत होतं पण तेव्हा ढग असतात, म्हणून मे मधलंच धरावं. त्याची बातमी दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून येते, तोवर वेळ निघून गेलेली असते. कृपया एप्रिलच्या मध्यालाच एक छोटी चौकट छापा. मुलांना सावली गायब होणार हे सांगू नका, फक्त एवढंच लिहा की गच्चीत किंवा चाळीच्या अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि दर रविवारी बारा पस्तीसला तिच्या सावलीचं टोक खडूने आखा, बाजूला तारीख लिहा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
भांडुप (पूर्व), मुंबई